वामन आबाजींची विलायती

संग्रामपूरचा बाजार करून माणसं गावात परतली की पारावर बसलेले लोक त्यांना कापसाचा भाव विचारायचे. मग ज्वारीचा, तुरीचा, ढेपेचा. सगळ्यांचं विचारून झालं की वामन आबाजी घसा साफ करायचे आणि विचारायचे, "आन् रायफलीचा?"

संग्रामपूरच्या बाजारात रायफल कधी विकायला आलेली नाही. तिथे मिरच्या मिळतात, बांगड्या मिळतात, दोरखंड मिळतात, फार तर बकरी मिळते. पण आबाजींचा प्रश्न चुकायचा नाही. म्हाताऱ्या माणसाला उत्तर न देणं बरं दिसत नाही, म्हणून कोणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवता उतरवता म्हणायचं, "चढला म्हणतेत आबाजी." आबाजी समाधानानं मान हलवायचे. "चढीनच. बाहेरचा माल बंद हाय."

आमचं घर त्यांच्या घराला लागून. मधे एक मातीची भिंत, तीही कमरेएवढी. माझे वडील सुतार. आबाजींच्या ओसरीवर ज्या खुंट्यांवर ती रायफल टांगलेली असायची, त्या सागाच्या खुंट्या वडिलांनीच करून दिल्या होत्या. मी खामगावला कॉलेजात गेलो, तो आमच्या घरातला पहिलाच. त्यामुळे सुटीत घरी आलो की वडील माझ्याशी जरा जपून बोलायचे. आबाजी मात्र पूर्वीसारखंच "काऊन बे, बारीक झाला?" म्हणायचे, आणि लगेच रायफलीवर यायचे.

ती रायफल त्यांच्याकडे कशी आली ते सांगतो. सातपुड्याच्या जंगलात जंगलखात्याचा एक गोरा साहेब राहायचा. इंग्रजांचं राज्य जायच्या सुमारास त्यानं आपलं सामान विकायला काढलं. आसपासच्या गावांतून लोक गेले. कोणी खुर्ची आणली, कोणी कंदील आणला, एकानं आंघोळीचा टब आणला आणि त्यात बैलांना पाणी पाजायला सुरुवात केली. आबाजी ऐन पेरणीच्या तोंडावर एक बैलजोडी विकून आले आणि खांद्यावर रायफल घेऊन घरी शिरले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे अनसूयामायनं, दारातच एकदा रायफलीकडे पाहिलं, एकदा रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "आता वखराले हेच जुंपा."

अनसूयामाय बोलायला तिखट होती, असं माझी आई सांगते. मला तिचं फारसं आठवत नाही. मी शाळेत असतानाच ती गेली.

त्यानंतर काही वर्षांनी सरकारनं बाहेरदेशच्या मालावर बंधनं आणली. परकीय चलन अपुरं पडत होतं, म्हणून चैनीच्या वस्तू बाहेरून आणायच्या नाहीत असं ठरलं. त्याचा त्रास आमच्या गावापर्यंत पोचला तो असा, की न्हाव्याची विलायती ब्लेडं संपली, मास्तरांचं घड्याळ बंद पडलं ते दुरुस्त होईना, आणि सगळेजण दिल्लीला शिव्या देऊ लागले. वामन आबाजी एकटेच सरकारवर खूश होते. कारण अकोल्याच्या बंदुकांच्या दुकानात नवी विलायती रायफल येणं थांबलं, आणि ज्यांच्याकडे जुनी होती त्यांची शोधाशोध सुरू झाली. जंगलाचा एक ठेकेदार विचारत विचारत आबाजींच्या दारात आला आणि त्यानं रायफलीची जी किंमत बोलून दाखवली, ती एका बैलजोडीची नव्हती. जोडी आणि वर दमणीची, म्हणजे बसायच्या हलक्या बैलगाडीची, होती.

त्या दिवसापासून आबाजी रायफलीचा भाव रुपयांत सांगेनासे झाले. "औंदा जोडी, दमणी आन् एक दुभती म्हैस," असं सांगायचे. पुढच्या वर्षी म्हैस जाऊन विहीर आली. त्याच्या पुढच्या वर्षी, "बांधीव विहीर, मोटेसकट." अनसूयामाय असती तर तिनं विचारलं असतं, की या विहिरीचं पाणी कोण पिऊन राह्यलं. पण ती नव्हती, आणि दुसरं कोणी विचारत नव्हतं.

कॉलेजात आम्हाला अर्थशास्त्र होतं. वस्तूचा पुरवठा अडवला आणि मागणी तशीच राहिली तर किंमत वाढते, हे प्राध्यापकांनी फळ्यावर रेघा काढून समजावलं, तेव्हा वर्गातली बाकीची मुलं गहू आणि साखर मनात आणत होती. मला खुंटीवरची रायफल दिसत होती. परीक्षेत आयात-निर्बंधांवर प्रश्न आला. मी उदाहरण म्हणून रायफल लिहिली, आणि ओघात दमणी आणि विहीरही लिहिली. पेपर परत आला तेव्हा विहिरीशेजारी लाल शाईचं प्रश्नचिन्ह होतं.

सुटीत मी हे आबाजींना सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते गंभीर झाले. "तुह्या मास्तराले एकडाव घेऊन ये," म्हणाले. "जेवू घालू."

जेवू घालायची त्यांना भारी हौस. रायफल पाहायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते जेवू घालायचे. एकटा माणूस, चुलीशी स्वतः बसून पिठलं आणि भाकरी करायचे, माझी आई ठेचा पाठवायची. गिऱ्हाईक फटफटीवर आलेलं असो की बैलगाडीत, आधी हातपाय धुणं, मग जेवण, मग पान, आणि मग रायफल. रायफल खुंटीवरच. आबाजी तिच्या बाजूला उभे राहायचे, धोतराचा सोगा सावरून, लग्नात मुलीचा बाप उभा राहतो तसे. कोणी हात पुढे केला की म्हणायचे, "नजरेनं पाहा. हातानं नाही."

"अहो, पण घ्यायची तर हातात घेऊन पाहावी लागेल नं?" गिऱ्हाईक म्हणायचं.

"घेतल्यावर पाह्यजा."

मग ते असा भाव सांगायचे की गिऱ्हाईक उठून उभं राहायचं. माझे वडील भिंतीपलीकडून हे सगळं ऐकत रंधा मारत असायचे. एकदा ते आईला म्हणाले, "या बुढ्याले इकायची हाय का मिरवाची हाय, तेच समजत नाही."

ती चालवायची नव्हती, एवढं नक्की होतं. आबाजींचं वावर डोंगराच्या पायथ्याशी, त्यामुळे ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरांचे कळप उतरायचे. गावातले बाकीचे लोक वावरातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसून आरोळ्या द्यायचे, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. आबाजींच्या घरात विलायती रायफल होती आणि तेही माळ्यावर बसून रॉकेलचा रिकामा डबा बडवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "डुक्कर देशी हाय बे. गोळी विलायती हाय. परवडत नाही." काडतुसंही बाहेरूनच यायची आणि तीही बंद होती. एका वर्षी डुकरांनी अर्धं वावर लोळवलं. आबाजी दुसऱ्या दिवशी आडव्या पडलेल्या ज्वारीतून हिंडत होते, हातात तोच डबा. त्यांचा चेहरा पाहून कोणी थट्टा केली नाही. अशा वावराला गिऱ्हाईक कुठून येणार? म्हणजे विकण्यासारखं त्यांच्याकडे जे काही होतं, ते त्या खुंटीवर होतं.

आणि ते विकलं जावं म्हणून डोळे लावून बसलेला एक माणूस होता. आबाजींचा मुलगा मधुकर.

मधुकरदादा भुसावळला रेल्वेत नोकरीला. बायको आणि तीन मुलं घेऊन एका खोलीत भाड्यानं राहायचा. त्या खोलीत पावसाळ्यात भिंतींना ओल यायची, धाकट्या मुलीचा दमा त्या ओलीनं वाढायचा. भुसावळच्या बाहेर एक जागा त्यानं पाहून ठेवली होती. रायफल विकली की जागा घेऊन दोन खोल्या बांधायच्या, असं त्याच्या मनात होतं. आई गेल्यावर त्याचं गावाकडे येणं सुटलंच होतं. रायफलीचा भाव चढल्याचं त्याच्या कानावर गेलं, तेव्हापासून तो दर दिवाळीला यायला लागला.

तो यायचा तेव्हा आबाजी दोन दिवस आधीपासून अंगण सारवून घ्यायचे. पण मधुकरदादा पाय धुवायच्या आधीच विचारायचा, "काय केलं मंग रायफलीचं?" आबाजी म्हणायचे, "औंदा नको. सालभर थांब. अजून चढते." आणि सरकारनं काय काय बंद केलं ते सांगायला लागायचे. मला हाक मारून बोलवायचे आणि म्हणायचे, "सांग रे याले, कॉलेजातलं." मी अडखळत पुरवठा आणि मागणी सांगायचो. मधुकरदादा माझ्याकडे पाहतही नसे. तो खोलीच्या भिंतीला पोपडे कसे येतात ते सांगायचा, मुलीला रात्ररात्र मांडीवर बसवून ठेवावं लागतं ते सांगायचा. आबाजी ऐकून घ्यायचे.  पण शेवटी म्हणायचे तेच. सालभर थांब.

मला तेव्हा त्यांचा राग यायचा. नातीचा दमा त्यांना कळत नव्हता असं नाही. पोराच्या संसारापेक्षा भाव मोठा वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

एका वर्षी बातमी उठली, की सरकार बाहेरचा माल पुन्हा येऊ देणार. आबाजींनी मला खामगावहून बोलावून घेतलं. मी कॉलेजच्या वाचनालयात वर्तमानपत्रं चाळून आलो होतो. तसं काही नव्हतं. तसं सांगितल्यावर ते भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "माल खुला झाला तं इकडं कोन येईन बे?" मला वाटलं, गिऱ्हाइकांबद्दलच बोलताहेत.

त्याच वर्षीच्या दिवाळीत ते घडलं. मधुकरदादानं यंदा वाट पाहिली नाही. जागेचा मालक आता थांबायला तयार नव्हता, दिवाळीनंतर तो ती दुसऱ्याला देणार होता. म्हणून मधुकरदादा मलकापूरच्या, कापसाचं जिन चालवणाऱ्या एका शेटजींना परस्पर भेटला. शेटजींना शिकारीचा शौक होता, त्यांच्याकडे लायसन होतं, आणि पैशाची अडचण नव्हती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते जीपमधून आले. बरोबर अकोल्याचे एक उस्ताद होते, बंदुका दुरुस्त करणारे, पांढऱ्या दाढीचे, मांडीवर कातडी पिशवी घेऊन बसलेले.

आबाजींनी नेहमीप्रमाणे पाणी दिलं, पिठलं-भाकरी वाढली. पानाचं तबक फिरवलं. मग चहा. मधुकरदादा दाराशी उभा राहून बोटं मोडत होता. शेटजींनी भाव विचारला. आबाजींनी विहीर सांगितली, विहिरीभोवतीची बाग सांगितली आणि वर एक दुमजली घर सांगितलं. इतका भाव त्यांनी आजपर्यंत कोणाला सांगितला नव्हता. भिंतीपलीकडे वडिलांचा रंधा थांबला.

शेटजींनी रुपयांत त्याचा अर्थ विचारला. मधुकरदादानं आकडा सांगितला. शेटजी उस्तादांकडे पाहून म्हणाले, "ठीक आहे. माल चांगला असेल तर कबूल."

मधुकरदादानं डोळे मिटले. तो काय पाहत असेल ते मला समजलं, दोन कोरड्या खोल्या. आबाजींचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता. एवढा भाव मिळालेला माणूस असा दिसत नाही.

"नजरेनं पाहा," ते म्हणाले. 

"नजरेनंच पाहतो बाबूजी," उस्ताद म्हणाले. "पर नजर नळीच्या अंदर घालावी लागते." आणि त्यांनी उठून, दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं रायफल खुंटीवरून उतरवली.

बोल्ट, म्हणजे गोळी भरायला जो दांडा मागे ओढतात तो, हलेना. उस्तादांनी रॉकेल मागवलं, फडकं मागवलं. वडील भिंतीवरून आपली लाकडी मोगरी घेऊन आले. हलक्या हातानं ठोकून ठोकून बोल्ट निघाला, तेव्हा त्याच्यावर पिवळी, चिकट, सुकलेली कातडी होती. उस्तादांनी नखानं ती खरवडली, नाकाशी नेली. "अलसीचं तेल," ते म्हणाले. जवसाचं. नळीच्या तोंडात काहीतरी ठासून बसलं होतं. तेही गज घालून काढलं. कापसाचा बोळा होता, लाकडासारखा कडक झालेला.

आबाजी खाली मान घालून बोलू लागले. बंदुकीचं तेल पूर्वी डबीतून यायचं, तेही बाहेरचंच, तेही बंद झालं. म्हणून मग इकडचंच जवसाचं. दर मृगाच्या आधी आपल्याच वावरातला वेचून ठेवलेला पांढरा कापूस ते त्या तेलात भिजवायचे आणि पावसाची ओल आत जाऊ नये म्हणून नळीत ठासायचे.

"ओल आत गेली नाही," उस्ताद म्हणाले. "आत होती ती बाहेर गेली नाही." त्यांनी नळी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं आणि शेटजींच्या हातात दिली. मग मलाही पाहू दिलं. आतून ती गंजानं देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखी झाली होती.

शेटजींनी नवी नळी बसवता येईल का विचारलं. उस्ताद हसले, पण वाईट वाटून. नवी नळी विलायतेहूनच यायची, आणि तिकडून तर आता काहीच येत नव्हतं. वडील माझ्या शेजारी उभे राहून पुटपुटले, की जवस लाकडाला चालतं, लोखंडाला नाही, मला एकदा विचारायचं तरी. ते तेल आमच्याच घरातून जात होतं.

"हा बोल्ट कधीपासून अटकला आहे?" उस्तादांनी विचारलं.

आबाजींनी आमच्यापैकी कोणाकडेही पाहिलं नाही. "तीन पावसाळे झाले असतीन."

तेव्हाच आणली असती तर काही करता आलं असतं, असं उस्ताद म्हणाले. शेटजी भले माणूस होते, उरलेला चहा संपवून उठले, जेवणाबद्दल चार शब्द चांगले बोलले. जीप गेली. धूळ खाली बसली.

मग मधुकरदादा बापासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं ओरडेल. पण तो अगदी हळू बोलला.

"तीन सालापासून ठाऊक होतं तुमाले. रायफल मेली हाय म्हून."

"हाव."

"मंग दरसाली भाव चढला, भाव चढला, म्हून काऊन सांगत होते मले?"

आबाजी रॉकेलनं भरलेलं फडकं हातात घेऊन बसले होते. त्याची घडी घालत होते, मोडत होते.

"रायफल मेली म्हून सांगतलं असतं," ते म्हणाले, "तं तू आला असता काय?"

  मधुकरदादा आत गेला, पिशवी भरली आणि दुपारच्या मोटारीसाठी निघाला. आबाजींनी त्याच्यासाठी घरच्या तुरीच्या डाळीचं पोतं शिवून दाराशी ठेवलं होतं. तो त्याला ओलांडून अंगणात गेला, तिथे थांबला, मागे फिरला आणि पोतं खांद्यावर घेऊन चालू लागला. मी त्याची पिशवी घेऊन मागून गेलो.  मोटार आल्यावर पोतं टपावर चढवायला मी हात लावला. तो चढला आणि पलीकडच्या खिडकीशी बसला.

मी परत आलो तेव्हा ओसरीवर कोणी नव्हतं. खुंट्या रिकाम्या होत्या, रायफल सतरंजीवर तशीच सुटी पडली होती. आबाजी मागच्या दारी, आमच्या भिंतीशी उभे होते.

"काही बोलला काय?"

मी नाही म्हणालो. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं, पण काय बोलावं ते सुचलं नाही.

"डाळ नेली?"

"हो. नेली."

त्यांनी मान हलवली. सडकेच्या दिशेला पाहत राहिले. तिथून सडक दिसत नाही, फक्त तुराट्यांचा ढीग दिसतो.

"मलकापूरले गाडी बदलाची हाय," आबाजी म्हणाले. "तिथं हमाल भेटत नाही लवकर. एकटा पोतं कसा चढवीन तो."